गोलातली जागा आमच्या घरची

ता. ६ जाने. १९२९, रविवार

फुटबॉलात जिंकलो. नेरळवाल्यांचा पार भुगा. आमची टेपावरची आळी वाजतगाजत घरी आली, ढोल कुणी आणला कोण जाणे. शेवटी शेवटी गोलात धाकूने एक बॉल असा अडवला की इंजिनशेडचा फोरमनसाहेब खुर्चीतून उठला. पण पडताना धाकूचा उजवा गुडघा ढेकळावर आपटून आत वळला. मी दोरीला लागूनच होतो. वालाची सुकी शेंग फुटावी तसा आवाज आला. बाकी कुणी ऐकला नाही, सगळे नाचत होते.

पांडूच्या खांद्यावर हात टाकून हसत हसत घरी आला. विचारलं तर म्हणे, "कुठं काय दादा, जरा आखडलाय." संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा नारळ झाला. काशीने आंबेहळद उगाळून लावली. बायको लेप लावतेय नि हा शहाणा तोंडाने गाणं म्हणतोय. माझा धाकटा भाऊ म्हणून सोडला, नाहीतर.

ता. ७, सोमवार

सकाळी पाळीवर गेला. शेडमध्ये इंजिनं पुसायची म्हणजे दिवसभर शिडी चढउतर. आळीच्या टोकापर्यंत मुद्दाम ताठ चालत गेला. पुढे कसा गेला देव जाणे. मी मशीनवर बसून खिडकीतून बघत होतो, त्या नादात साहेबाच्या मडमेच्या झग्याची बाही उलटी जोडली. सगळं उसवावं लागलं.

शेडमधली बातमी तीच. विजेचे खांब घाटाकडे चाललेत. विजेच्या गाड्या सुरू झाल्या की घाटात गाडी ढकलायला आपली इंजिनं नकोत. इंजिनं नकोत तर पुसणारे कशाला? फो. सा. म्हणतो, टीममधल्यांना मात्र मी ठेवून घेईन. म्हणजे जो खेळेल तो खाईल.

ता. ९

आबांना म्हटलं, एक-दोन रविवार पांडूला उभं करू या गोलात. आबा जेवत होते. घास तसाच हातात. "गोलातली जागा आपल्या घरची हाय." झालं. भात कालवायला लागले.

राग आलाय म्हणून लिहून काढतो. पूर्वीच्या साहेबाने टीम काढायची म्हणून आळीकडे अकरा माणसं मागितली, तेव्हा आबांनीच बैठक घेऊन घरागणिक एकेक जागा वाटून दिली. जत्रेच्या पालखीचा मान जसा घरागणिक, तसा. मधली जागा महादूच्या घरची, डावीकडची गोंद्याच्या घरची, गोलात उभं राहायचं आमच्या घराने. खेळणाऱ्याला शेडात नोकरी मिळेल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात नव्हतं. आता एकेक जागा म्हणजे वतन झालीय. घरचा एक पडला तर त्याच घरचा दुसरा उभा राहतो. दुसरा नसला तर जागा शेजारघरी जाते, आणि गेली की गेली. गोंद्या मुंबईला गेला तेव्हा शेजाऱ्याला म्हणाला, मी येईपर्यंत सांभाळ. परत आला तर शेजारी म्हणे, दिलेला मान कुणी मागतं काय? जागा गेली, नोकरी गेली. दोन्ही घरं अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत.

आमच्या घरात खेळायच्या वयाचे बाप्ये दोन. मी दमेकरी. मला बापानेच, आबांनी, लहानपणी हिशेबातून काढलं, म्हणून तर कुणब्याचा पोर शिंपी झाला. उरला धाकू.

पांडू चुलतभाऊ, नामाकाकाचा पोर. भिंतीला भिंत लागून. पण चूल वेगळी म्हणजे घर वेगळं.

ता. ११

दमा. लिहवत नाही.

ता. १४, संक्रांत

काशी तिळगूळ द्यायला आली. वाटी पुढे केली नि दाराआड झाली. आडूनच म्हणाली, "दादा, तुमी सांगा त्यांला. माझं ऐकत नाय." मी म्हटलं, माझं तरी कोण ऐकतं गं?

"कूस बदलताना कण्हतात. सकाळी उठून हसतात. मला त्या हसन्याचीच भीती वाटते."

म्हटलं, बघतो. मी बघतो म्हणजे काय करतो ते तिलाही ठाऊक. गेली. तिळगूळ खाल्ला. गोड बोला म्हणे. कुणाशी बोलू?

ता. २०, रवि.

किरकोळ सामना, भिवपुरीकडच्या पोरांशी. तरी उतरलाच. मी त्याला गुडघ्याला कॅनव्हासची पट्टी शिवून दिली होती, दुहेरी कापड, मागे नाड्या. म्हणजे मीच खेळायला मदत केली की. पण शिवली नसती तर बिनपट्टीचा खेळला असता. या भांडणात मी दोन्ही बाजूंनी हरतो.

लोक म्हणाले, धाकू आज जागचा हलत नाय, काय ऐट! डोंबलाची ऐट. हलता येत नव्हतं.

येताना पांडूने त्याला पाठुंगळी घेतला, मस्करी केल्यासारखा. आळीत हशा. पांडू मात्र हसत नव्हता. त्याला कळलंय.

ता. २२

कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला ठाकूरवाडीत एक म्हातारी हाडं बसवते. तिच्याकडे धाकूला नेला, बैलगाडीने. आबांना सांगितलं काशीच्या माहेरी जातोय. रेल्वेच्या दवाखान्यात नेता येत नाही. तिथला डॉक्टर कागदावर 'अनफिट' लिहील आणि मग सगळंच संपलं.

म्हातारीने गुडघा चाचपला. धा.ने माझं मनगट इतकं आवळलं की अजून वळ आहेत. पाला बांधला, वर सालीच्या पट्ट्या. शिमग्यापर्यंत पाय भुईला टेकवायचा नाही, म्हणाली. धा. म्हणाला, "व्हय आजी, नाय टेकवत." इतक्या गोड आवाजात बोलला की मला तिथेच कळून चुकलं.

नदी ओलांडायच्या आत विचारतो, "दादा, खोपोलीचा सामना सतरा तारखेला नं?"

एक वाजवावीशी वाटली. बायको-पोरीच्या धन्याला काय मारायचं? बैलाला हाणलं उगीच.

ता. २५

शेडातला मुकादम आपल्या आळीचा. धा.ला खाली बसून दिवे पुसायचं काम दिलंय, साहेबाच्या नजरेआड. सगळी आळी मिळून लपवतेय. सगळ्यांचं प्रेम आहे त्याच्यावर. म्हणूनच कुणी त्याला 'बस घरी' म्हणत नाही. मला हे कोडं सुटत नाही.

ता. २९, मंगळ.

साहेबाच्या बंगल्यावर गेलो. खोपोलीच्या सामन्याला नवे सदरे शिवायचेत, कापड दाखवायचं निमित्त. ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. वाटेत वाक्यं पण जुळवली, हिंदुस्थानीत.

साहेब खुशीत. "तुम्हारा भाई, नंबर एक गोलकीपर. खोपोलीवाला रोयेगा."

मी म्हटलं, "साब, उसका..."

"उसका क्या?"

"उसका कुर्ता थोडा ढीला मंगता."

साहेबाने मान डोलावली. मी कापड गुंडाळून परत. सांगितलं असतं तर पाय वाचला असता नि भाकरी गेली असती. नाही सांगितलं तर भाकरी राहते नि पाय जातो. हे माझ्या गळ्यात कुणी अडकवलं? मला लाज वाटते, आणि कसली वाटते तेही धड कळत नाही.

ता. ३ फेब्रु., रवि.

कडाक्याची थंडी. असली थंडी बघितली नव्हती. वालाचे वेल काळे पडले.

नामाकाकांकडे गेलो. ओटीवर सुंभ वळत बसले होते. म्हटलं, "काका, एका सामन्यापुरता पांडू द्या. देवासमोर नारळ ठेवू, जागा पुन्हा आमची."

काकांनी सुंभ खाली ठेवला. "शंकर, माझा पोर दुसऱ्याच्या शेतावर राबतो. धाकूपरीस कमी हाय काय त्यो? मग उसना मान कशाला घेऊ? द्यायचा तर देऊन टाका."

राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो.

दारात येतो तो मागून पांडू. "दादा, बा काय पण बोलंल. मला धाकूदादानंच शिकवलंय. एक दिवस उभा रातो, कायमचा नाय." म्हणजे बाप कायमचं मागतो, पोर कायमचं घेत नाही, आणि आबा एक दिवसाचंही देत नाहीत.

ता. ६

काही नाही. खोकला. सदरे कापून झाले.

ता. ९, शनि.

तोड निघाली! आबांनीच काढली. म्हातारं माणूस पालखीच्या दांडीला नुसता हात लावतं, खांदा दुसरा देतो, तरी मान त्या घराचाच राहतो ना? मग तसंच करायचं. धाकूने मैदानात उतरायचं, गोलाच्या खांबाला हात लावून नमस्कार करायचा नि बाहेर यायचं. मग पांडू आत. मान आमचा, मेहनत पांडूची. नोकरीसाठी पांडूचं नाव साहेबाच्या कानावर आबा घालणार, म्हणून नामाकाकाही कबूल.

आळीची बैठक देवळासमोर बसली. एकानेही हरकत घेतली नाही. मलाही पटलं. मी स्वतः म्हटलं, आबा, डोकं लढवलंत. पांडूसाठी धा.सारखाच दुसरा सदरा शिवायला घेतलाय.

काशीने आज पोरीला मोठ्याने हाक मारली. कितीतरी दिवसांनी.

ता. १८, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

सामना आपल्याच मैदानावर. खोपोलीचे वीजघरवाले लॉरीतून आले, सगळ्यांच्या पायात बूट. आपले अनवाणी, नेहमीसारखे. रेफरी कल्याणचा गोरा. धा. उतरला. खांबाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, नि बाहेर यायला निघाला. पांडू दोरीखालून आत शिरला. शिट्टी. रेफरी पांडूला विचारतो, तू कोण? नावं दिली ते अकरा, त्यांत बदल नाही.

आपला कप्तान महादू त्याला पालखी समजावून सांगायला लागला. दांडी, खांदा, मान, सगळं. गोऱ्याला!

रेफरी माणूस वाईट नव्हता. धा.चा पाय बघितला. म्हणाला, याला कोपऱ्यात उभा करा नि तुमच्या दहांतला कुणीही गोलात जाऊ दे, कायद्याला चालतं. फो. सा.ने पण बाहेरून ओरडून तेच सांगितलं. इतकी सोपी गोष्ट. एकाने फक्त मागे यायचं होतं.

कुणी हललं नाही. जो तो आपापल्या घराच्या जागेवर खिळलेला. आपली जागा सोडली तर ती गेली, आणि आमची घेतली तर दरोडा घातल्यासारखं. महादू एकदा गोलाकडे बघे, एकदा आबांकडे. मी ओरडलो, "महादू, जा रं गोलात, मी सांगतो!" तर म्हणतो, "शंकर, तू कोन सांगनारा? आबांला बोलू दे."

आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी त्यांचे पाय धरले, सगळ्या गावासमोर, खोपोलीवाल्यांसमोर. म्हटलं, आबा, एक शब्द बोला. आबा म्हणाले, "घर बुडवू नको माजं." आवाज कापत होता त्यांचा. ते पण घाबरले होते, हे मला आज कळतंय. काल फक्त त्यांचा गळा धरावासा वाटला.

धा. आपणहून परत फिरला. मला हाताने खूण केली, बस, बस. लंगडत गोलात जाऊन उभा राहिला.

बराच वेळ निभावलं. सामना संपत आला होता. त्यांचा एक लांबडा बॉल घेऊन सुटला. धा. पुढे गेला, बॉलवर पडला, पोटाशी धरला. मागून बूट आला तो नेमका गुडघ्यावर. ओरडला नाही. उचलून बाहेर आणला तरी बॉल हातात, काढून घ्यावा लागला.

उरलेला वेळ गोल रिकामा होता. दहाही जण गोलापुढे भिंत करून उभे राहिले, अंगावर बॉल घेतले, एकाच्या तोंडातून रक्त आलं. पण आत पाय कुणी टाकला नाही. सामना बरोबरीत सुटला. लोक म्हणतात, आळीने इज्जत राखली.

ता. २०

आता लपवायचं काय राहिलं? रेल्वेच्या डॉक्टरने बघितलं. फळ्या बांधल्यात. गुडघा आता वाकायचा नाही म्हणाला. धा. छताकडे बघत पडून असतो. गाणं नाही, काही नाही. काशी रडत नाही. भांडी घासते, तीच तीच.

ता. २२

फो. सा. स्वतः आला घरी. दारात वाकून, टोपी काढून. सामना पुन्हा खेळायचाय, तीन मार्चला. म्हणाला, धाकूला रेल्वेच्या फाटकावर बसून करायचं काम देईन. मी हात जोडले. मग म्हणाला, पण टीममधल्या घरांनाच नोकऱ्या, वर तसं कळवलंय. तुमच्या घरचा माणूस उभा करा, मी याला ठेवतो. आमचा कायदा साहेबालाही पाठ झाला.

तो गेला. आबा माझ्याकडे बघायला लागले. उभ्या जन्मात असे बघितले नव्हते.

म्हटलं, "आबा, मला दमा आहे."

"गोलात पळायचं कुटं असतं?"

हसू आलं. मग खोकला. मग थांबेचना.

ता. २४, रवि.

कापलेल्या खाचरात धसकटं तुडवत मला उभा केला. पांडू बॉल मारतोय, धा.ची खाट बांधावर. "दादा, हात पुढं! दादा, डोळं मिटतोस का रं?" मी दर वेळी डोळे मिटतो, हे मला आजच कळलं. एक बॉल कपाळावर बसला तेव्हा धा. हसला, पडल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्याला रडू फुटलं. पांडू बॉल आणायच्या निमित्ताने लांब गेला.

मी म्हटलं, देऊन टाकू जागा पांडूला, मी शिवणावर सगळ्यांना पोसतो. धा.ने डोळे पुसले. "सगळ्यांला? आबा, काशी, पोरगी, मी? शेड बसली की कापडं तरी कोन शिवनार तुझ्याकडं?" खरं आहे. मग हळूच, "दादा, उभा राशील नं?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

ता. २८

छाती बरी. नाही, बरी नाही. रोज पांडू बॉल मारतो नि मी पडतो. नामाकाका भिंतीपलीकडून बघतात. मी पडलो तर जागा त्यांची. त्यांनी माझं वाईट चिंतलं तरी मी त्यांना दोष देणार नाही. आज मला निवडुंगाचा रस घेऊन आले, छातीला बरा म्हणून.

ता. ३ मार्च, रवि.

सकाळ. सदरा धा.चाच, बाजूने दाबून घेतला. आरशात बघितलं नाही. भीती वाटते, साधी सरळ भीती. पायाची नाही, बॉलची नाही. श्वास अडकला नि मी बसलो, तर फाटक गेलं, धा. गेला, सगळं घर माझ्या छातीवर.

निघताना काशीच्या दाराशी थांबलो. म्हटलं, "काशे, नका जाऊ म्हणालीस तर अजून नाही जात." ती थांबवेल असं मला खरंच वाटत होतं.

दाराआड भांडं वाजलं. मग हात बाहेर आला, माझ्या तळव्यावर दही ठेवलं.

"दादा, बॉल आला की डोळे नका मिटू."

दही खाल्लं. आबा ओट्यावर काठी आपटतायत. महादू नि पांडू न्यायला आलेत.